नेदेल्का नाचली नाही

मन म्हणजे मेंदूचंच काम, त्यापलीकडे काही नाही, असं इस्क्रा प्लोव्दिवच्या विद्यापीठात ठासून शिकवायची. आज स्कॅनरच्या पडद्यावर तिच्या आईचाच मेंदू होता, आणि ती त्यावरून नजर हटवत नव्हती.

पक्षाघातानंतर आई, नेदेल्का, महिनोन्‌महिने डोळे उघडे ठेवून पडलेली. हाकेला ओ नाही. आज काही दिसलं नाही तर उपचार थांबवायचे, असं डॉक्टर वेल्चेव्हनी सांगून ठेवलं होतं. मनातल्या मनात नाचलं तरी मेंदूतली हालचालीची जागा उजळते. म्हणून इस्क्रा माइकात म्हणाली, "आई, होरो नाच. फेरात सगळ्यांच्या पुढे तू, हातात रुमाल."

पडद्यावर ती जागा काळीच. आडातल्या पाण्यासारखी.

"काय सांगितलंस तिला?" धाकटा भाऊ तोन्चो मागून म्हणाला.

"नाचायला."

"अगं ताई! बाबांचं वर्ष तरी सरलंय का? डोक्याला शोकाचं काळं बांधलेली बाई नाचेल होय? पुस्तकांपायी गाव विसरलीस."

"मनातल्या मनात, रे!"

"मनात तर मुळीच नाही. एक वेळ चारचौघांत नाचेल."

इस्क्रा पुन्हा पडद्याकडे वळली. आत कुणी नाही म्हणून अंधार, की आत कुणीतरी मान फिरवून बसलंय म्हणून? दोन्ही अंधार दिसायला जुळेच.

"आई, पावाचं पीठ मळ."

हळूच उजळलं. चुलीत फुंकर घालावी तसं.

"आता थांबवा," डॉक्टर म्हणाले. "सांगितल्यावर विझलं, तरच खरं धरीन."

"थांब, आई. थांब गं." उजेड हलेना.

"बघा. नुसती पेशींची फडफड."

"अहो, पीठ अर्धवट टाकणारी बाई नाही ती!" इस्क्रा माइकावर वाकली. "आई, छान मळलंस. आता फडकं टाक वर. फुगू दे."

उजेड मंदावला. विझला.

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "उपचार चालू राहतील. पुन्हा एकदा सांगून बघा."

तोन्चो हसत, रडत तिचा खांदा हलवत होता. तिला मात्र बसवेना, उभं राहवेना. आत आई जागी होती. म्हणजे इतके महिने जागीच होती.

"तोन्चो," ती पुटपुटली, "तिच्या उशाशी उभं राहून आपण काय काय बोललो रे?"

तोन्चोचं हसू तिथंच राहिलं.