गादीखालची पट्टी

घंटा वाजली तेव्हा सिस्टरच्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्या हातात एका आजींचा दंड. टेबलावरच्या पडद्यावर नऊ नंबरची खोली लाल झाली होती. इंजेक्शन अर्धवट टाकून पळता येत नव्हतं, आणि घंटा तर थांबायचं नाव घेत नव्हती.

"जा बाई, बघ कोण मेलंय ते," आजी वैतागून म्हणाल्या.

कुणीही मेलेलं नव्हतं. नऊ नंबरमधले ड्रायव्हरकाका पलंगाच्या कडेला बसून चपलेत पाय सरकवत होते. सिस्टर धापा टाकत आत शिरली आणि सकाळपासून साठलेला सगळा वैताग तिच्या आवाजात उतरला. एकटं उठायचं नाही, हे किती वेळा सांगायचं, असं ती म्हणाली. काकांनी मुकाट्यानं पाय पुन्हा वर घेतले.

"चुकलं," ते म्हणाले. "तुझी धावपळ झाली."

काकांनी जन्मभर प्रवासी गाडी चालवली होती. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना या वृद्धांच्या शुश्रूषागृहात आणून ठेवलं. गुडघे आखडलेले असले तरी माणूस चालता होता. उजाडायच्या आधी उठायचं, भिंतीला लावलेला दांडा धरत व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीशी जायचं आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांवर शेरे मारायचे, हा त्यांचा नेम. अमक्यानं वळण घाईत घेतलं, तमक्याचा ब्रेक ओरडतोय. झाडणाऱ्या मावशींना ते सगळं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एकदा न्हाणीघरात ते मटकन खाली बसले. हाड मोडलं नाही, पण लेकीनं मात्र धसका घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी संस्थेनं नवी यंत्रणा बसवली. प्रत्येक गादीखाली एक पट्टी. माणूस उठून कडेला सरकला की पट्टीला कळायचं. टेबलावरच्या पडद्यावर खोली लाल व्हायची, सिस्टरच्या खिशातला फोन थरथरायचा आणि नातेवाइकांच्या फोनमधल्या ॲपवरही निरोप जायचा. माणूस अंथरुणात असला की पडद्यावर आणि ॲपवर खोली हिरवी. सुरुवातीला सिस्टरलाही हायसं वाटलं. एवढ्या खोल्यांना त्या दोघीतिघीच होत्या. पहिल्याच आठवड्यात चार नंबरच्या आजी पलंगावरून घसरल्या, आणि घंटा वाजली म्हणून लगेच सापडल्या. नाहीतर चहा येईपर्यंत गार फरशीवर पडून राहिल्या असत्या. त्यामुळे पट्टी वाईट, असं म्हणायची सोय नव्हती, आणि सिस्टर तसं म्हणतही नव्हती.

पण काका उठले की घंटा वाजायची. कुणीतरी धावत यायचं आणि त्यांना झोपवून जायचं. परगावी बँकेत नोकरी करणारी लेक भर कामात फोन करायची: बाबा, सारखं का उठता? इतकी वर्षं भरलेली गाडी घाटातून नेणारा माणूस लेकीला समजावायचा की, अगं, पाणी प्यायला उठलो होतो. हळूहळू त्यांनी खिडकी सोडली. मग कडेला बसणं सोडलं. पुढे पुढे कूस बदलायच्या आधीही ते विचारायला लागले, "वाजेल का गं?"

एके सकाळी त्यांची चादर ओली सापडली. किती वेळ ते तसेच निपचित पडून होते कोण जाणे. घंटा वाजलीच नव्हती. सिस्टर चादर बदलेपर्यंत काकांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेतले. ती उगाचच हवेबद्दल बोलत राहिली.

त्याच दुपारच्या बैठकीत व्यवस्थापकांनी भिंतीवर आकडे दाखवले. नऊ नंबरमध्ये महिनाभरात एकही इशारा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर उभी राहिली आणि म्हणाली की काका घाबरून उठेनासे झालेत, त्यांचे पाय जातील. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, उद्या ते पडले तर उत्तर कोण देणार? मग पुढचा आकडा दाखवला.

पट्ट्या बसवणाऱ्या तंत्रज्ञाला तिनं जिन्यातच गाठलं. काका उठले तरी लगेच वाजायचं नाही, बराच वेळ परत आले नाहीत तरच वाजायचं, असं करता येईल का?

"येतं की. दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "फक्त वरून परवानगी आणा."

तिथून जी रखडपट्टी सुरू झाली ती संपेना. व्यवस्थापक म्हणाले, मुलीची संमती हवी. मुलगी म्हणाली, डॉक्टर काय म्हणतात ते बघा. डॉक्टर म्हणाले, चालणं चांगलंच, पण व्यायामवाल्या बाईंचं मत घ्या. आणि त्या बाई रजेवर. त्या आल्या, त्यांनी होकार दिला, तर कळलं की संमती फोनमधल्या ॲपवरूनच द्यावी लागते आणि ॲपमध्ये तशी सोयच नाही. सिस्टर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावायची. पलीकडे संगीत वाजत राहायचं आणि ती फोन कानाशी दाबून एका हातानं कुणाचं तरी तोंड पुसायची.

मधल्या काळात तीच काकांना हात धरून चालवायला बघायची. पण अर्ध्या वाटेत दुसऱ्या कुठल्या तरी खोलीसाठी खिशातला फोन थरथरायचा. मग काकांना व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवून धावावं लागे. ती परत येईपर्यंत ते तिथेच बसून राहायचे, मांडीवर हात ठेवून, कुणाच्या तरी वाटेत आल्यासारखे. काही दिवसांनी म्हणाले, "राहू दे गं. तुला दुप्पट काम होतं."

घरी नवरा म्हणाला, सगळ्या जगाचा भार तूच कशाला वाहतेस? तिनं हातातलं पातेलं असं आदळलं की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

शेवटी लेक आली. आत जाताच तिनं बापाच्या अंगावरची चादर सारखी केली, आणि चादरीखालची काटकुळी झालेली पोटरी तिच्या हाताला लागली. ती बाहेर व्हरांड्यात आली आणि सिस्टरला तिनं फोन दाखवला. सगळं हिरवं होतं.

"सगळं नीट होतं ना? मी रोज उठल्या उठल्या आधी हेच बघायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबा शांत झोपलेत."

सिस्टरनं किती दिवस मनात घोकलेलं बोलणं होतं. चांगलं तोडून बोलायचं ठरवलं होतं. पण समोरची बाई फोन अजून तसाच पुढे धरून होती, आणि सिस्टरच्या तोंडून एवढंच निघालं, "ताई, हिरवं म्हणजे ते हललेच नाहीत."

लेकीनं फोन पालथा केला. मग तिनं विचारलं, "आणि पडले तर?"

"पडतीलही," सिस्टर म्हणाली. "पडणार नाहीत असं मी नाही सांगू शकत."

लेकीनं डोळे पुसले आणि ती व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. तिथे आवाज चढले. ॲपमधली सोय वगैरे कुणालाच लागली नाही. साध्या कागदावर सही झाली, तंत्रज्ञ आला, आणि काम खरोखरच दोन मिनिटांत उरकलं. त्याचाच सिस्टरला सगळ्यात जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊ नंबरच्या दारात उभी राहिली. काकांना सगळं समजावून झालं होतं, तरी त्यांनी विचारलंच, "नक्की नाही ना वाजणार?"

"नाही वाजणार, काका."

ते कोपरावर रेलले, मग बसले. पाय खाली सोडून थोडा वेळ तसेच ऐकत राहिले. सगळीकडे शांत होतं. त्यांनी पलंगाचा दांडा धरला आणि ते उठले. गुडघे लटलटायला लागले. सिस्टर झटकन पुढे झाली, तशी त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. काका क्षणभर उभे राहिले, कपाळावर घाम, नजर समोरच्या दाराकडे.

"आज नको," ते म्हणाले.

मग कुणाचाही हात न धरता ते सावकाश खाली बसले. दोन्ही हातांनी मांडी उचलून त्यांनी आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि पायांवरची चादर स्वतःच सरळ केली.