पाच फूट दोन इंचांची चादर

उशीचा अभ्रा, सोळा बाय बावीस.

वाडग्यातल्या नासपती ओल्या फडक्याने पुसायच्या नाहीत. रंग निघतो.

नववी ब. "कादंबरीतलं ते झुंबर कशाचं प्रतीक आहे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, त्याच्यात दिवेच नाहीत." वर्ग हसला.

फळीवर बावीस पुस्तकं. एक ओढलं की बावीसही येतात.

कोपरला, रतनच्या खोलीत, पलंग साडेसहा फूट लांब आहे. त्याच्यामुळे दार पूर्ण उघडत नाही. येणारा प्रत्येक माणूस अंग चोरून आत येतो आणि आल्याआल्या पलंगाला नावं ठेवतो.

डोंबिवली, रामनगर, दुसरा मजला. पितळी पाटी: प्रमोदिनी केतकर. खाली बारीक अक्षरात: निवृत्त शिक्षिका.

हे सगळं एका रविवारी सकाळी, घोडबंदर रोडला, एका खोलीत एकत्र आलं.

खोली म्हणजे सॅम्पल फ्लॅटमधली मोठी बेडरूम. खरी इमारत अजून खड्ड्यात होती. पत्र्याच्या कुंपणाआड नुसत्या सळया दिसत होत्या. सॅम्पल फ्लॅट मात्र तयार होता, गेटजवळच्या शेडमध्ये, बाहेरून पत्रा आणि आतून संगमरवर. पुढे राहायला मिळणारं घर कसं असेल ते लोकांनी तिथे येऊन बघायचं, आणि बघून झालं की शेजारच्या केबिनमध्ये बसून चेक फाडायचा.

रतन तिथल्या चादरी, अभ्रे आणि पडदे शिवायची. दर पंधरा दिवसांनी धुतलेला जोड आणायचा, मळलेला न्यायचा, अकराच्या आत मागच्या दाराने निघायचं. पहिल्या वेळी तिला मापाची चिठ्ठी मिळाली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. मास्टर बेड, पाच फूट दोन इंच बाय चार फूट. कारकुनाची चूक असणार असं समजून तिने आपल्या शहाणपणाने सव्वासहा फुटांचा पलंग धरून चादर शिवली. इथे आणून अंथरली तर गादीखाली खोचूनही फूटभर कापड उरलं. विक्रीचं काम बघणारा मुकुल तेव्हा हसत म्हणाला होता, "मावशी, बेड छोटा असला की रूम मोठी दिसते. डिझाइन असतं ते. तुम्ही चिठ्ठीत आहे तेच शिवा ना."

तेव्हापासून ती चिठ्ठीत आहे तेच शिवत होती. सोफ्याच्या बुटक्या गाद्या शिवल्या. उथळ कपाटात टांगायला पाठ नसलेले चार शर्ट शिवले. काम चोख होतं म्हणून यंदाच्या नवरात्रात उघडणाऱ्या आणखी तीन साइट मुकुलने तिलाच दिल्या होत्या. कळव्याच्या साइटचं कापड घरी येऊन पडलं होतं, निम्मं बेतूनही झालं होतं. दहा वर्षं ब्लाउजच्या हातशिलाईवर डोळे घालवल्यानंतर पहिल्यांदाच तिच्या हाताला वर्षभराचं काम होतं.

ती उशीला अभ्रा चढवत होती तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"केवढा उजेड आहे हो इथे!"

रतन ताठ उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांची बाई, हातात उशी, आणि पाय आपोआप जुळलेले.

आधी मुकुल आत आला. त्याच्या मागून चाळिशीचा एक गृहस्थ आणि त्याची उंचशी बायको. सगळ्यांच्या शेवटी, चपला बाहेर काढून, प्रमोदिनीबाई.

"बाई, मी रतन. नववी ब."

बाईंनी चष्मा वर केला. "परब! खिडकीकडचा शेवटचा बाक. इथे काय करतेस तू?"

"चादरी शिवते, बाई. इथल्या सगळ्या."

"छान. सुबक आहेत हो." बाई मुलाकडे वळल्या. "अद्वय, माझी विद्यार्थिनी. हेमांगी, बघ गं, टाके बघ कसे आहेत."

अद्वयला टाके बघायला वेळ नव्हता. "आई, ऐक ना. रामनगरवाला बायर उद्यापर्यंतच थांबणार आहे. इथे आज टोकन दिलं तर उद्या तिकडचं ॲग्रीमेंट करून मोकळे होऊ."

"सर, या फ्लोअरचे दोनच राहिलेत," मुकुल म्हणाला.

रतनच्या लक्षात आलं, पितळी पाटीची जागा जाणार होती. नववीत असताना ती एकदा तिथे निबंधाच्या वह्या पोचवायला गेली होती. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत जाणारं सागवानी कपाट होतं, पुस्तकांनी भरलेलं. बाईंनी तिला लाडू दिला होता आणि कपाटाला हात लावायच्या आधी हात धुवायला लावले होते.

"माझं कपाट तेवढं ह्या भिंतीला राहील," बाई म्हणाल्या. "काय रे?"

"आरामात, आई."

रतनने भिंतीकडे पाहिलं. मग मुकुलकडे. मुकुलने भुवया किंचित उडवल्या. मागचं दार, मावशी. अकरा वाजत आले.

ती दारापर्यंत गेली. मळक्या चादरींचं गाठोडं उचललं, परत खाली ठेवलं.

"बाई, जरा झोपून बघा."

"कुठे?"

"पलंगावर."

"मावशी," मुकुल घाईने म्हणाला, "बेडवर बसणं अलाउड नाही."

"चादर मी शिवल्येय. चुरगळली तर इस्त्री पण मीच करणार. झोपा बाई."

बाईंना गंमत वाटली. पदर सावरत त्या आडव्या झाल्या, हात पोटावर ठेवले. बाईंची उंची चार फूट दहा इंच. पलंग त्यांना अगदी नीट झाला.

"छान आहे की!" त्या छताकडे बघत म्हणाल्या.

मुकुलने श्वास सोडला. रतनने कपाळाला हात लावला. बाई एवढ्याशा आहेत हेच ती विसरली होती. नववीत त्या केवढ्या मोठ्या वाटायच्या.

"साहेब, आता तुम्ही."

"मी? अहो, काय चाललंय? आम्ही घर बघायला आलोय."

"तेच बघा म्हणत्येय."

"आई, ह्या बाईंना सांग ना काहीतरी."

बाई उठून बसल्या. त्यांनी काही सांगायच्या आत हेमांगीने सँडल काढले. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूने गेली, उशीवर डोकं ठेवलं आणि पाय लांब केले. टाचा पलंगाबाहेर लोंबकळल्या.

हेमांगीने मान उचलून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"अद्वय," ती म्हणाली, "तू माझ्याहून पाच इंच उंच आहेस."

"आपण आपला बेड आणू ना गं! हा डेमो आहे."

"आणा की," रतन म्हणाली. तिने गळ्यातली टेप काढली, एक टोक भिंतीला लावलं आणि गुडघ्यांवर सरकत सरकत गेली. "हा तुमचा सव्वासहाचा पलंग. इथे संपला. आता ही राहिली वाट, सव्वा फूट. बाईंचं कपाट दोन फूट खोल तरी असेल. ते ठेवायचं तर पलंग उभा करा."

"मॅडम, सगळे साइझ ब्रोशरमध्ये दिलेत," मुकुल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "फर्निचर मापाप्रमाणे नाही, ते पण लिहिलंय. शेवटच्या पानावर. आम्ही काही लपवत नाही."

"तू काय खोटं बोललास असं मी म्हटलंच नाही रे," रतन म्हणाली. "मी पण शिवलंच ना, चिठ्ठीत होतं तसं."

बाई पलंगाच्या कडेला बसून होत्या. त्या खिडकीकडे बघत होत्या. पांढऱ्या पडद्यातून सकाळचं कोवळं ऊन झिरपत होतं.

"रतन," त्या हळूच म्हणाल्या, "आणि हा उजेड?"

रतनने पडद्यामागे हात घातला. खटका दाबायला पडद्यात फट तिनेच ठेवली होती.

ऊन विझलं. खोली एकदम पत्र्याच्या शेडइतकी झाली. बाहेर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, तो आता ऐकू यायला लागला.

तीस वर्षं बाईंनी नववीला ती झुंबराची कादंबरी शिकवली होती. एका हंगामापुरता बंगला भाड्याने घेऊन श्रीमंत म्हणून मिरवणारा कारकून, त्याच्या मेजवान्या, त्याची उसनी चांदीची भांडी. कशाचं प्रतीक काय, ते त्या फळ्यावर दोन रकाने आखून लिहून द्यायच्या. झुंबर म्हणजे नायकाची अपूर्ण आकांक्षा. पाच गुणांना हमखास.

"तू झुंबराचं तेच उत्तर पेपरातही लिहिलं होतंस," बाई म्हणाल्या. "मी अर्धा गुण दिला होता तुला."

"अर्धा नाही, बाई. शून्य."

बाईंना हसू फुटलं, आणि लगेच थांबलं. त्यांनी हात पुढे केला. "ती टेप दे इकडे. अद्वय, चेक खिशात ठेव."

"आई, उद्यापर्यंतच मुदत आहे! परत एवढा भाव येणार नाही."

"नाही येणार. हेमांगी, हे टोक धर. स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. मुकुल, तुम्ही लिहून घ्या."

"मी?"

"अक्षर बरं आहे ना तुमचं?"

मुकुलने नाइलाजाने पेन काढलं. अद्वय फोन कानाला लावून बाहेर गेला. आतून बाईंचा आवाज येत राहिला, नऊ फूट एक इंच, लिहिलंत?, आठ फूट चार. वर्गात शुद्धलेखन घालायच्या तसाच.

रतनने चादरीवरच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. गाठोडं उचललं आणि ती पुढच्या दाराने निघाली. मुकुलने तिला पायरीवर गाठलं.

"मावशी, कळव्याचं कापड परत आणून द्या."

"निम्मं कापलंय."

"मग कापलेलं द्या." त्याने पेनाचं टोपण लावलं. "माझं आजचं टार्गेट होतं हो. हे तुम्ही बरं नाही केलंत."

"उद्या देते आणून," रतन म्हणाली. "हे गाठोडं पण धुऊन आणते, मळकं देणार नाही."

बसथांब्यावर ऊन होतं, खरं, डोळ्यांत जाणारं. तिने सवयीने गळ्याशी हात नेला. टेप बाईंकडे राहिली होती. मान उघडी उघडी वाटत होती. तिने पदर ओढून घेतला आणि बसचा नंबर वाचायला पुढे झाली. उद्या ब्लाउजवाल्या बायकांना फोन लावायचे, सणाच्या आधी निदान पंधरा तरी मिळवायचे.

कोपरचा तो साडेसहा फुटी पलंग तानाजीने, रतनच्या नवऱ्याने, लग्नाआधी कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून स्वतः ठोकला होता. तानाजीची उंची पाच फूट तीन इंच होती.