करडी फाट्यावरचा एक टोला

सत्तावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होती. मंदाबाईची गाडी म्हटलं की लोक चढायच्या आधीच सुटे पैसे मुठीत काढून ठेवत. मागच्या साली रिटायर झाली तेव्हा ठरवलं, आता करडीले घरी बसायचं, धान वाळवायचं, सुपारी कातरायची आणि कोणाच्या अंगावर ओरडायचं नाही. कायचं काय बाप्पा! पोटच्या पोट्टीनंच मले रेसच्या गाडीत नेऊन बसवलं.

माझी दामिनी सव्वीस वर्षांची आहे. भंडाऱ्याले ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काउंटर सांभाळते. लहानपणापासून तिले पळायचं वेड. पाचवीत होती तेव्हा शाळेत पहिली आली, मग तालुक्यात पहिली. जिल्ह्याच्या स्पर्धेले भंडाऱ्याले जायचं होतं, त्या सकाळी तिची गाडी चुकली आणि त्यानंतर पोट्टी कधी धावली नाही. बूट कोठ्यात फेकून दिले. "गाडी थांबली नाही," एवढंच बोलली होती. त्याले सोळा वर्षं झाली. आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही, मी तर बिलकुलच नाही.

आता तिले गाडी पळवायची होती. दोन साल नुसती चौकशी केली तिनं. खरी रेस म्हणजे लायसन वेगळं, कपडे वेगळे, हेल्मेट वेगळं, आणि गाडीचं तर बोलूच नका. शहापूरचा कैलाश मिस्त्री तिले म्हणे, "बाई, त्या गाडीच्या एका टायरात तुझी अख्खी अल्टो येते." अल्टो म्हणजे तिनं एका गुरुजीकडून घेतलेली, तेरा वर्षांची, डाव्या दारावर बैलाच्या शिंगाची खूण असलेली. पण पोट्टी माझीच, हट्ट सोडते का? शोधता शोधता तिले एक रस्ता सापडला. नागपूरच्या एका क्लबची रॅली होती, डिसेंबरच्या रविवारी, शहापूरहून निघून शहापूरलेच परत. गाडी घरचीच चालते. आणि नवशिक्यांमध्ये जे पहिले तीन येतील त्यांले क्लबच्या खर्चानं तीन दिवस कोईमतूरच्या ट्रॅकवर शिकवणार, वर रेसचं लायसनही काढून देणार.

"आई, मले तिसरा नंबर पाहिजे," ती म्हणाली. "पहिला नाही मागून राहिली मी. तिसरा आला की माझं काम झालं. नाहीतर एवढा पैसा मी जन्मात जमवत नाही."

तिच्या बाजूले बसून रस्ता सांगणारं एक माणूस लागते. त्याले नेव्हिगेटर म्हणतात. तिची मैत्रीण कामिनी बसणार होती, पण तिचं लग्न जुळलं आणि सासरच्यांनी नको म्हटलं. चार दिवस राहिले होते. दामिनी चुलीपाशी येऊन बसली.

"आई, छत्तीसच्या स्पीडनं सात किलोमीटर जायले किती वेळ लागते?"

"अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मधात स्टॉप किती?"

ती हसली आणि तिथंच माझं नाव फॉर्मवर लिहिलं. आमचे हे, म्हणजे खुशालराव, खाटेवरून म्हणाले, "आता ही रेसवाल्यांचेही तिकीट फाडते."

मले वाटलं होतं रेस म्हणजे जो पुढं गेला तो जिंकला. तसं नव्हतं. ही वेळेची रॅली. रस्त्याच्या कोणत्या तुकड्यात कोणता स्पीड ठेवायचा ते एका पुस्तकात लिहून देतात. मधात कुठंतरी क्लबचे लोक लपून बसतात आणि तुम्ही किती वाजता आले ते टिपतात. एक सेकंद उशीर झाला तर एक पॉइंट दंड. आणि एक सेकंद लवकर आले तर दोन. ज्याचा दंड कमी, तो जिंकला.

हे ऐकून मले एवढा आनंद झाला म्हणून सांगू! अवं, हेच तर मी जन्मभर नव्या ड्रायव्हरांले ओरडून सांगितलं. गाडी लेट आली तर लोक शिव्या देतात, देऊ द्या. पण गाडी वेळेच्या आधी निघून गेली तर जो माणूस बरोबर वेळेवर आला, तोच मागं राहतो. त्याची काय चूक? लवकर जाणं डबल गुन्हा आहे हे ज्यानं कोणी लिहिलं त्याले एकदा भेटायचं होतं मले.

कैलाशनं गाडीचे ब्रेक पाहिले, ऑइल बदललं, मागं दोन कमी घासलेले टायर बसवून दिले. चार दिवस आम्ही हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवरून गाडीचा मीटर तपासला. दहा किलोमीटरमागं शंभर मीटर जास्त दाखवत होता. तेवढं मी मनात वजा करायची. राहिली थांब-चालची खूण. गाडी चालवताना दामिनीले बोललेलं ऐकू येत नाही, तिचं ध्यान रस्त्यावर असते. म्हणून मी सुपारीचा सरोता सोबत घेतला. बसमध्ये घंटीची दोरी तुटली की मी त्यानंच दांड्यावर ठोकायची. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चाल. एसटीत सत्तावीस वर्षं चालते, अल्टोत काहून नाही चालणार?

रविवारी सकाळी शहापूरच्या मैदानावर चाळीसक गाड्या होत्या. नवशिके चौदा. मोबाइल घेऊन पाकिटात सील केले. घड्याळ चालते म्हणाले, तर मी सेंड-ऑफले मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसली. सेकंदाचा काटा मोठा आहे त्याचा. बाजूच्या गाडीतले पोट्टे हसले. हसा म्हटलं.

पहिल्याच तुकड्यात आमचं वाजलं. मी म्हणू, "हळू, वेळेच्या पुढं आहे आपण," आणि ही म्हणे, "पुढची गाडी दिसून राहिली आई, ओव्हरटेक करते." मी सरोता ठोकला, तिनं ऐकलं नाही. वळणावर झाडामागं खुर्ची टाकून क्लबचा वेळ टिपणारा माणूस, मार्शल, बसला होता. वीस सेकंद लवकर. म्हणजे चाळीस पॉइंट गेले पाण्यात.

"झालं समाधान?" मी ओरडली. "कोणाले मागं टाकून काय भेटलं तुले? हे पळणं नाही, हे पोहोचणं आहे!"

तिनं स्पीड कमी केला. मग म्हणाली, "बरं. आता तू म्हणशील तसं. तू टोला दिला की मी विचार करणार नाही."

आणि खरंच केला नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला, तिथं एक सेकंद उशीर. पुढच्या लपलेल्या मार्शलपाशी शून्य. शून्य, बाप्पा! त्या मार्शलनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शेतात धान कापून पुंजणे रचले होते, हवा गार होती, आणि माझी लेक पहिल्यांदा माझ्या म्हणण्यानं चालून राहिली होती. मले वाटलं, तिसरा नंबर कुठं जात नाही आता.

मग करडी फाटा आला. आमच्याच गावाचा.

स्टॉपवर माणसं गोळा झाली होती आणि पुढं एक आठ-नऊ वर्षांची पोट्टी उभी होती, लाल स्वेटर घातलेली. तिनं हात वर केला. उंच, टाचा उचलून. माझ्या हातानं मले विचारलं नाही. ठण्. एक टोला.

दामिनीनं ब्रेक मारला. गाडी स्टॉपच्या बरोबर समोर उभी राहिली. पोट्टी घाबरून आजीच्या मागं लपली.

"काय झालं?"

"ती... हात केला तिनं."

"आई! ती टाटा करून राहिली! सगळेच टाटा करून राहिले!"

खरंच. अख्खं गाव रेसच्या गाड्यांले हात हलवत होतं. मी दोन टोले द्यायचे तर सरोता हातातून पडला, तो पायापाशी शोधण्यात आणखी वेळ गेला. दामिनी स्वतःच निघाली. स्पीड वाढवायले गेली तर मी म्हटलं, नको, लेट गाडी एका स्टॉपात भरून काढायची नसते, सगळ्या रस्त्यावर थोडी थोडी वाटायची. पण वाटायले रस्ताच नव्हता. तीनशे मीटरवर पुंजण्यामागं मार्शल बसला होता. बारा सेकंद उशीर.

त्यानंतर आम्ही मोठी चूक केली नाही. शेवटी आणखी दोन पॉइंट लागले. दुपारी शहापूरले निकाल सांगितला. आमचे पंचावन्न. तिसरा नंबर गोंदियाच्या दोघा भावांले, एक्कावन्न पॉइंटवर. आम्ही चौथे.

दामिनीनं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हात मिळवला. मग गाडीत येऊन बसली आणि बेल्ट लावताना तिले तीनदा जागा सापडली नाही. तिनं ओरडायले पाहिजे होतं. मी तयारी करून बसली होती, दोन शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "चाळीस माझे होते आई. बाराचं एवढं काय घेऊन बसली?"

बाराचंच घेऊन बसली होती मी. पुलावरून परत येताना ठरवलं, आज नाही बोलली तर कधीच नाही.

करडी फाट्यावर संध्याकाळचं ऊन होतं, स्टॉपवर कोणी नव्हतं. मी काही म्हणायच्या आधी दामिनीनंच गाडी तिथं उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

"दामिनी," मी म्हटलं, "तुझी स्पर्धा होती त्या दिवशीची ती गाडी माझी होती. तिरोड्याहून येणारी जलद."

"मालूम आहे."

"जलद इथं थांबत नाही. आठच दिवस आधी टोपलीवाल्या बायांसाठी थांबवली म्हणून मले मेमो भेटला होता आणि त्या दिवशी चेकिंगवाले साहेब पुढच्या सीटवर बसले होते." मी मांडीवरचं घड्याळ खाली ठेवलं. "ते असो. मी तुले पाहिलं होतं. तू हात वर केला होता. ड्रायव्हरनं आरशात माझ्याकडे पाहिलं, थांबू का म्हणून, आणि मी डबल घंटी दिली, चाल म्हणून."

"तेही मालूम आहे."

"तुले कसं मालूम?"

"मागच्या काचेत आली होती ना तू. गाडी वळेपर्यंत पाहून राहिली होती. तू मले पाहिलं, तर मी तुले नसेल पाहिलं?"

सोळा वर्षं हे पोट्टीच्या पोटात होतं. रोज माझ्या हातचं जेवली, माझ्या आजारपणात रात्र-रात्र बसली, आणि एक शब्द नाही.

"मग बोलली काहून नाही वं कधी?"

"तू बोलशील म्हणून थांबली होती."

मी रडली. लपवून नाही, चांगली पदर तोंडाले लावून रडली. माझं चुकलं, हे मी सत्तावीस वर्षांत साहेबाले म्हटलं, पॅसेंजरले म्हटलं, घरात कोणाले म्हटलं नव्हतं. तिले म्हटलं. दोनदा म्हटलं.

"एवढं सगळं मालूम असून मले काहून बसवलं बाजूले?" मी विचारलं.

"टाइम तुझ्याएवढा समजते कोणाले?" ती नाक पुसत हसली. "मले सोडून गेली तू, पण टाइमवर गेली."

अशी जीभ, आणि कोणावर गेली म्हणून विचारायचीही सोय नाही.

"मार्चमध्ये दुसरी रॅली आहे," ती म्हणाली. "ट्रेनिंग तिथंही देणार आहेत. फॉर्मवर तुझंच नाव लिहून राहिली मी. फक्त टाटा आणि हात यातला फरक शिकून घे तोवर. चाल, बाबा वाट पाहून राहिले असतील. दे घंटी."

मी सरोता उचलला. समोर तो स्टॉप, सिमेंटचा तोच ओटा, जिथं सोळा वर्षांआधी ती पांढरे बूट घालून उभी होती. मी डॅशबोर्डवर टोला दिला. एकच.

"आई, एक म्हणजे थांब."

"सत्तावीस वर्षं घंटी मारली मी, तू मले शिकवते का? थांब म्हटलं तर थांब."

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.