माझा हातगुण आणि रक्तपेढीचा सर्व्हर

सकाळचे साडेनऊ. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीच्या दारात निदान चाळीस माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. नर्स होत्या, लिफ्टवाला होता, नोंदणी खिडकी बंद करून आलेल्या तिघीजणी होत्या आणि पाय प्लास्टरमध्ये असूनही कुबड्या टेकत आलेला एक उत्साही गृहस्थ होता. सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या हातावर खिळलेले. मी स्ट्रेचरवर आडवा, अंगात मागून उघडा राहणारा रुग्णालयाचा झगा, आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलेलं.

"मागे सरा! काकांना मोकळी हवा मिळू द्या," संगणक विभागातला ऑपरेटर ओरडला.

"मला नको," मी डोळे मिटून म्हणालो. "यंत्राला मिळू दे. यंत्रालाही जीव असतो."

गर्दीतून "वा!" आलं. कुणीतरी मोबाइल उंच धरला. खुब्यातून कळ गेली, पण चेहऱ्यावरचं तेज मी ढळू दिलं नाही. सरावाने जमतं ते.

आता हा काय प्रकार होता ते सांगतो. थापा मारायचं माझं वय अजून सरलेलं नाही, पण या गोष्टीत खरं सांगण्यातच माझी जास्त शोभा होते, म्हणून खरं सांगतो.

मी याच रुग्णालयाच्या संगणक विभागातला, आणि आमच्या रक्तपेढीचा सगळा कारभार एका जावा प्रोग्रामवर चालायचा. कोणती पिशवी कोणत्या गटाची, तपासून झाली की नाही, कुणासाठी राखून ठेवली, सगळं त्याच्या पोटात. हा प्रोग्राम ज्या सर्व्हरवर होता त्याचा पंखा मोडका. दर दोन-चार दिवसांनी सर्व्हर तापून मान टाकायचा. तो पुन्हा चालू केला, तरी प्रोग्राम काही उठायचा नाही. ऑपरेटरने तो सुरू करायची आज्ञा दिली की पडद्यावर लाल अक्षरं. मी दिली की हिरवी. आज्ञा तीच, कीबोर्ड तोच, खुर्चीसुद्धा तीच. अकरा वर्षं हे असंच. मी रजेवर असताना फोनवरून अक्षर न् अक्षर सांगून पाहिलं, तरी लाल. मग लोकांनी काय समजायचं? काकांचा हातगुण!

आणि हातगुण म्हटला की थोडा थाटही आला. मी चष्मा काढायचो, कपाटाच्या डाव्या अंगाला बोटाच्या पेराने तीन टिचक्या मारायचो, "चल राजा, उशीर झाला" असं पुटपुटायचो आणि अनामिकेने एंटर दाबायचो. ऑपरेटरने सगळं हुबेहूब उचललं. बिचाऱ्याला चष्मा नव्हता, तर त्याने काढून ठेवण्यापुरता शून्य नंबरचा करून घेतला. तरी लालच! पुढे लोक अडलेले प्रिंटर घेऊन माझ्याकडे यायला लागले. नोंदणी खिडकीवरच्या एका बाईंनी मुलाच्या परीक्षेचा अर्ज माझ्या तळहाताखालून सरकवून नेला. मुलगा पास झाला. ज्या दोघींची मुलं नापास झाली त्या पुन्हा सांगायला आल्या नाहीत, त्यामुळे ती दोन मुलं कुणी मोजलीच नाहीत.

मी लबाड होतो का? अर्धा. उरलेला अर्धा त्याहून वाईट, कारण तो हे सगळं खरं मानत होता. एकदा तर मी घरी जाऊन सांगितलं, की मी जिन्यात असतानाच सर्व्हर मला ओळखून खाकरतो.

"खाकरेल नाहीतर काय करेल," आमच्या मंडळी म्हणाल्या. "तुमच्या बढाया ऐकून मलाही ठसका लागतो."

माझ्या शहाणपणाचा कळस पुढेच आहे. रक्तपेढीत पूर्वी एक कागदी वही असायची. ती मी बंद करवली. "वही कशाला? मी आहे ना!"

तर तो मी शनिवारी घरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो. रविवारी संध्याकाळी, आधी ठरल्याप्रमाणे, प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला गेला. कारण जुना आता पंधरा मिनिटांतच तापून बंद पडायला लागला होता. ऑपरेटरने प्रोग्रामचं फोल्डर उचललं, तिकडे ठेवलं. जुन्याकडचा सगळा डेटाही तिकडे नेला. सोमवारी सकाळी सुरू केला. लाल!

माझी शस्त्रक्रिया त्याच दिवशी बारा वाजता. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, म्हणजे विरळा. सर्जन म्हणाले, "दोन पिशव्या राखून ठेवल्याचा निरोप आल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. आजची वेळ हुकली तर चार दिवस जागा नाही, आणि या वयात मोडलेलं हाड तसंच ठेवणं धोक्याचं आहे."

रक्तपेढीच्या बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या, पिशवीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय पिशवी न उचलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बी निगेटिव्हच्या सहा पिशव्या आहेत. कुठल्या तपासून झाल्यात आणि कुठल्या दुसऱ्याच्या नावावर आहेत, ते त्या प्रोग्रामलाच ठाऊक. सगळ्या नव्याने तपासायच्या तर संध्याकाळ होईल. अंदाजाने मी कुणाला रक्त देत नाही."

म्हणजे माझं रक्त त्या लाल अक्षरांच्या पलीकडे अडकलेलं! मग मीच हट्ट धरला. "मला खाली न्या. नुसता हात लावतो."

तर असा मी तिथे पोचलो होतो. चष्मा काढला. नव्या कपाटाला तीन टिचक्या. "चल राजा." एंटर.

लाल.

"नवं यंत्र आहे, लाजतंय," मी म्हणालो. पुन्हा एंटर. लाल. तिसऱ्यांदा लाल.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "झोपून जमत नसेल हो," कुबडीवाले गृहस्थ म्हणाले. "उभं करा त्यांना!"

"खबरदार!" मी किंचाळलो.

"इंजेक्शनने हातातला गुण उतरला असेल," एक नर्स हळहळली.

एवढ्यात रक्तपेढीच्या बाई वाट काढत आत आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. "काका, जुन्या सर्व्हरवर अजून तुमच्या हाताने होतं?"

"न व्हायला काय झालं!"

"मग तो चालू करा," त्यांनी ऑपरेटरला सांगितलं. "आत डेटा नसला तरी चालेल. प्रोग्राम उठतो की नाही एवढंच बघायचंय. तो तापेपर्यंत पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी लॉगिन काकांचं, पण हात दुसऱ्याचा."

"दुसऱ्याचा हात?" मी म्हणालो. "बाई, यंत्राला परका हात—"

"मामा, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

स्ट्रेचर ढकलणारे मामा खुर्चीत बसले. त्यांनी जन्मात कीबोर्डला हात लावला नव्हता. ते एका बोटाने, विंचू चाचपावा तसं एकेक अक्षर दाबायला लागले. पासवर्डवर गाडी अडली.

"सांगा काका," बाई म्हणाल्या.

"कानात सांगतो."

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," मामा म्हणाले, "आणि उजवा भिंतीकडे आहे. मोठ्याने सांगा."

मी सांगितला. इंग्रजी अक्षरांत 'मीच', आणि पुढे एक-दोन-तीन.

मग स्ट्रेचरमागे उभ्या असलेल्या आमच्या मंडळींचा आवाज आला, "तरी म्हटलं, घरात ऐकते तेच इथेही!" आणि चाळीस माणसं खदखदून हसली. ऑपरेटर तोंडावर रुमाल धरून कपाटामागे गेला. पासवर्ड त्याच दिवशी बदलला, हे नोंदवून ठेवतो.

ऑपरेटर दाखवेल ती अक्षरं दाबत मामांनी आज्ञा टाईप केली. टिचकी नाही, पुटपुटणं नाही. एंटर त्यांनी अंगठ्याने दाबला.

हिरवी अक्षरं!

"मामांचाही हातगुण आहे की काय?" कुणीतरी म्हणालं. मामा आपला हात उलटसुलट करून बघायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "प्रोग्राम बंद करा. आता उलट. लॉगिन ऑपरेटरचं, हात काकांचा."

मी सगळी अस्त्रं काढली. चष्मा, टिचक्या, "राजा", शिवाय आयत्या वेळी सुचलेली एक दीर्घ फुंकर. एंटर.

लाल.

"हात तुमचाच होता ना?" बाईंनी विचारलं.

"एकतीस वर्षं हाच आहे," मंडळी म्हणाल्या. "या हाताने घरचा एक नळ गळायचा थांबला नाही."

"म्हणजे गुण हातात नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या लॉगिनमध्ये काहीतरी आहे, जे त्याच्या लॉगिनमध्ये नाही. ऑपरेटर, प्रोग्राम उठतो तेव्हा त्याला आजूबाजूचं काय काय सांगितलेलं असतं, त्याची यादी मिळते?"

ऑपरेटरने डोकं खाजवलं. "मिळते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं म्हणतात त्यांना."

"दोन्ही लॉगिनची छापा."

दोन कागद आले. टेबल रिकामं नव्हतं, म्हणून बाईंनी ते माझ्या छातीवर शेजारी शेजारी पसरले आणि पेनाने सारख्या ओळी खोडायला लागल्या. मी श्वास रोखून धरला होता, निम्मा भीतीने आणि निम्मा गुदगुल्यांनी. शेवटी माझ्या कागदावर चार ओळी उरल्या. ऑपरेटरच्या कागदावर त्या नव्हत्याच.

प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतो ते जावा कुठे ठेवलंय. डेटाबेसचा पत्ता काय. सेटिंगचं फोल्डर कुठलं. मेमरी किती वापरायची. बस्स, एवढंच! प्रोग्राम हे सगळं स्वतःजवळ बाळगत नाही. उठल्या उठल्या तो, ज्याच्या लॉगिनने त्याला उठवलं त्यालाच विचारतो. माझ्या लॉगिनजवळ चारही उत्तरं होती. ऑपरेटरच्या लॉगिनजवळ एकही नव्हतं, मग तो आज्ञा देऊ दे नाहीतर चष्मा काढू दे. आणि नव्या सर्व्हरवर तर फक्त प्रोग्रामचं फोल्डर गेलेलं. तिथे माझं लॉगिनही कोरं करकरीत.

"पण या ओळी आल्या कुठून?" मी विचारलं. देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेटरने माझ्या लॉगिनमधली एक लपलेली फाइल उघडली. अशा फाइलच्या नावाआधी टिंब असतं, म्हणून नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. त्या चार ओळींच्या डोक्यावर एक टीप होती. त्याने ती मोठ्याने वाचली:

"'सारखं सारखं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून सध्या इथे टाकलंय. सवडीने योग्य जागी हलवणे.'" तो माझ्याकडे वळला. "काका, खाली तुमचं नाव आहे. तारीख अकरा वर्षांपूर्वीची."

मला उठून पळून जायचं होतं. खुब्याने नकार दिला.

म्हणजे चमत्कार मीच करून ठेवला, मीच विसरलो, आणि पुढे अकरा वर्षं माझाच भक्त म्हणून जगलो. मला फसवायला दुसरा कुणी बुवा लागलाच नाही.

"सवड मिळाली," बाई म्हणाल्या. "अकरा वाजायला आलेत."

ऑपरेटरने नव्या सर्व्हरवर प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये एक फाइल केली. कुणीही प्रोग्राम सुरू केला तरी आधी ती वाचली जाईल, अशी सोय केली. चार ओळी जशाच्या तशा उतरवल्या. एंटर.

लाल.

मी काय केलं सांगू? लाज वाटते, पण सांगतो. मी उजवा हात वर केला आणि ओरडलो, "बघा! शेवटी हात लागतोच!"

कुबडीवाल्यांनी टाळीसुद्धा वाजवली.

"खाली ठेवा तो," मंडळी म्हणाल्या. "अहो, त्या हाताच्या नादात आज जीव जाईल तुमचा." हे मात्र त्या हसत म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. मी हात खाली ठेवला. त्या क्षणी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"लाल अक्षरांत लिहिलंय काय?" बाईंनी विचारलं.

अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लाल दिसलं की लोक मला हाक मारायचे, वाचत कुणीच नसे. मीही नाही.

ऑपरेटर वाकून वाचू लागला. "या पत्त्यावर जावा सापडत नाही, असं म्हणतोय. अरेच्चा! नव्या सर्व्हरवर जावा दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहे. आणि डेटाबेसचा पत्ताही जुन्या सर्व्हरचाच राहिलाय." घर बदललं तरी आम्ही जुनाच पत्ता देत होतो. त्याने दोन ओळी दुरुस्त केल्या, स्वतःच्या लॉगिनने बसला, चष्मा खिशातच राहू दिला आणि साध्या तर्जनीने एंटर दाबला.

हिरवी अक्षरं आली आणि पाठोपाठ पिशव्यांची यादी. बी निगेटिव्ह: सहापैकी तीन तपासलेल्या, त्यातली एक दुसऱ्याच्या नावावर. राहिल्या दोन. बाईंनी यादी दोनदा वाचली आणि तशाच वर गेल्या. मामांनी स्ट्रेचर फिरवलं. बारा वाजता माझ्यावर शस्त्रक्रियेचे दिवे लागले.

तिसऱ्या दिवशी ऑपरेटर मला भेटायला आला. रक्तपेढीत वही पुन्हा सुरू झाल्याचं त्याने सांगितलं. मग सहज म्हणाला, "काल वीज गेली होती काका. सर्व्हर बंद पडला."

मी उशीवरून मान उचलली. "मग?"

"मग आली वीज. प्रोग्राम सुरू केला."

"कुणी?"

"कुणी बरं..." तो आठवायला लागला. आठवेना. "होतं कुणीतरी."

तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. मंडळींनी विचारलं, "दुखतंय का?"

"हो."

"खुब्यात?"

"जरा वर."

ते दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही, पण मी जिवंत आहे, आणि तो हिशेब मला मान्य आहे. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो. अमुक काम फक्त माझ्याच हाताने होतं, असं कुणी म्हणालं तर त्याच्या पाया पडू नका, आणि त्याला लगेच चोरही ठरवू नका. खरं कारण त्या बापड्यालाही ठाऊक नसेल. त्याचा हात जरा बाजूला करा आणि दुसऱ्याचा ठेवून बघा. जागा बदलून बघा. समोर जे लिहून आलंय ते आधी वाचा. कारण सापडलं की ते कागदावर उतरवून सगळ्यांना दिसेल असं लावा, म्हणजे तो माणूस आजारी पडला तरी कुणाचं रक्त अडणार नाही. आणि असा हातगुण तुमचाच असल्याचं लोक म्हणायला लागले, तर ही तपासणी दुप्पट कसून करा. मला त्यासाठी खुबा मोडावा लागला. तुम्ही धडधाकट असतानाच उरका.