जादा निघालेले कोट

कोटांचं गाठोडं घरात आलं तशी अक्षदा त्यावर चढून बसली. तीन वर्षांची पोर, तिला ती गादीच वाटली. मी तिला खसकन खाली ओढलं आणि तिनं भोकाड पसरलं.

"बसू दे की गं," आदेश म्हणाले. पण तोंड त्यांचंही उतरलेलंच होतं.

पुण्याजवळच्या एका लष्करी गोदामात ते स्टोअरकीपर. दर शनिवारी कळंबला एसटीनं यायचे. त्या शनिवारी आले ते भर दुपारी, कुणाच्या तरी टेम्पोतून, ताडपत्रीखाली हे गाठोडं लपवून. आत बर्फात घालायचे कोट. बाहेरून पांढरे, आतून जाड अस्तर. कोरे करकरीत.

दार लावून घेतलं आणि विचारलं, "चोरलेत?"

"वेडी का खुळी! जादा निघालेत. सोमवारी तपासणी आहे. माल कमी निघाला तर चोरी. जादा निघाला तरी जाब असतोच. ज्यांना द्यायचा त्यांना दिलाच नाही, असा अर्थ होतो त्याचा. म्हणून तेवढ्यापुरता बाहेर काढून ठेवायचा. सगळेच करतात."

सगळेच करतात! महिनाभरापूर्वी पेपरात बातमी होती. लष्कराच्या खर्चाचा चोख हिशोब संसदेपुढे यावा, तो चुकवणाऱ्याला तुरुंग व्हावा, असं विधेयक कुणा खासदारानं मांडलं होतं. मीच ती मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि वर "बरं झालं" असंही म्हणाले होते. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलेलं ना! कायदा व्हायचा होता अजून, पण गोदामातल्या साहेबांना आधीच घाम फुटला होता. पूर्वी एखादा नग कमी निघाला तर पगारातून कापून भागायचं. आता सरळ पोलिसात देणार होते.

आदेश त्याच टेम्पोनं परत गेले. मी गाठोड्यावर गोधड्या रचल्या. रस्त्यावर जीप वाजली की खिडकीच्या फटीतून बघून यायचे. अक्षदा शेजारणीला "आमच्याकडं नवी गादी आलीय" असं सांगायला निघाली, तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या जोरात, की ती घाबरून माझ्याकडे बघतच राहिली.

रविवारी दुपारी फोन आला.

"तेजू, सगळे कोट आजच परत पाहिजेत. मोजणी चुकली. शेजारच्या शेडमधले आपल्यात धरले गेले. ते जादा नाहीतच. संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो."

गाठोडं सोडलं आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्याप्रमाणे मोजले. एक कमी. पुन्हा मोजले. सासूबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, यातला एक कोट कुठाय?"

"गेणूला दिला की. लाईट रातची येती, पानी धराया जातो बिचारा, थंडीनं काकडतोय. एवढं गठुडं पडलंय, येकानं काय व्हतं?"

"अहो, तो सरकारचा माल आहे!"

"मंग गेणू काय पाकिस्तानचा हाय?"

अक्षदाला काखोटीला मारलं आणि निघाले. गेणू म्हणजे भावकीतले म्हातारे गेणभाऊ, त्यांचं घर मळ्याच्या वाटेवर. वाटभर एकच दिसत होतं, आदेशना हाताला धरून जीपमध्ये बसवतायत. कोट मागायचा, घ्यायचा, परत फिरायचं. कारण विचारलं तर काहीतरी थाप मारायची.

गेणभाऊ ओट्यावर दाभण घेऊन बसले होते. मांडीवर मांजरपाटाचं पार्सल, तीन बाजू शिवून झालेल्या.

"ये सूनबाई! बरी आलीस. ह्याच्यावर विंग्रजीत पत्ता घालून दे. पप्पूला धाडतोय."

पप्पू म्हणजे त्यांचा धाकटा, फौजेत. त्या हिवाळ्यात कुठल्याशा बर्फाच्या ठाण्यावर होता.

"काय आहे यात?" विचारायची गरज नव्हती.

"बयावैनीनं कोट दिला ना, त्यो. मला घोंगडी हाय. पप्पूचा फोन आला व्हता. तिघात येकच कोट हाय म्हनं. जो पहाऱ्यावर जाईल त्यानं घालायचा. आल्यावर दुसऱ्याला द्यायचा, वला तर वला."

"गेणभाऊ, तो कोट परत लागतोय."

ते थांबले. "आदेशवर बालंट येतंय का?"

"हो."

त्यांनी कात्री घेतली आणि घातलेले टाके एकेक करून कापायला लागले. सुरकुतलेली ती बोटं सावकाश चालली होती. कापडाच्या फटीतून पांढरी बाही बाहेर आली. अक्षदानं ती धरून गालाला लावली.

"राहू द्या," मी म्हणाले. "राहू द्या, गेणभाऊ. शिवा परत. पेन द्या इकडं."

पत्ता घातला आणि पप्पूचा फौजेतला नंबर दोनदा तपासून पाहिला.

संध्याकाळी आदेश आले. कोट मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते गाठोड्यावरच बसले.

तिथूनच म्हणाले, "तिघांत एक? आमच्या कागदावर तर तिघांनाही मिळालेत."

मग टेम्पो गेला. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवून काय होणार होतं?

सोमवारी सकाळपासून फोनपाशीच होते. अकराच्या सुमारास वाजला.

"गोदामाला सील लागलंय," आदेश हळू बोलत होते. "माझी चौकशी आहे. बाहेर बाकावर बसलोय."

"काय सांगणार?"

"खरं तेच. पप्पूचंही सांगणार. ऐकतील न ऐकतील. पार्सल गेलं?"

"पोस्ट उघडताच गेणभाऊंनी टाकलं."

"मग बरं..." मागून कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हनला गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कामात आहेत," म्हटलं, आणि अंगणात खेळणाऱ्या अक्षदाला उचलून आत आणलं. भर दिवसा दाराला कडी घातली.