सत्काराला मरणाचं गाणं

पत्रिका हातात घेताच रंजनीला शिसारी आली. गुळगुळीत कागदावर तिच्या धाकट्या भावाचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत छापलेलं, 'आमचा प्राणेश, बंडखोर लोकगायक'. आमचा! या माणसांच्या जिभेला हाड नव्हतंच, आता छापखान्यालाही उरलं नव्हतं.

समारंभ इथल्या, तमिळ मुलखातल्या तिरुवल्लिकेणीच्या तंजावरी मराठी मंडळाचा. मंडळाचे अध्यक्ष अप्पाजी, वय वर्षं ब्याऐंशी, तिच्याच खुर्चीत बसून तिच्याच घरची कॉफी फुंकत होते. याच अप्पाजींनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच घरात प्राणेशचे रंगवलेले केस कात्रीने कापले होते. मंडळातल्या दोघांनी त्याचे हात धरले होते. पोरगा कोळ्यांच्या वस्तीत जातो, कानात बाळी घालतो, मेलेल्याच्या दारात डबा बडवत 'गाना', म्हणजे वस्तीतली मरणाची गाणी, म्हणतो, म्हणजे ओवाळून टाकलेलाच, असा मंडळाने निकाल दिला होता.

"आताची पोरं गानावर जीव टाकतात की गं," अप्पाजी म्हणाले. "ते महाराष्ट्रातनं आलेले आयटीवाले. केस निळे काय, हिरवे काय! त्यांनीच प्राणेश पाहिजे म्हणून सांगितलंय. मरणाचंच गाणं म्हण म्हणून सांग त्याला. तेच फेमस."

"सत्काराला मरणाचं गाणं?"

"आता ते कल्चर आहे, अम्मा."

निळ्या केसांच्या त्या पोरांना हाच माणूस हल्ली स्वतःच्या हाताने खुर्च्या मांडून देत होता. रंगवलेले केस तेच, कानातली बाळी तीच, डबाही तोच. फक्त आता टाळ्या पडत होत्या, म्हणून अप्पाजीही टाळ्या वाजवत होते. ती कॉफी त्यांच्या अंगावर ओतावी असं रंजनीला फार वाटलं. पण तिने मुकाट्याने पत्रिका पर्समध्ये टाकली. तिला भाऊ परत हवा होता आणि त्याच्या दारात जायला काहीतरी निमित्त लागत होतं.

शहराबाहेरच्या कोळीवाड्याला, कोवलमला, जाणाऱ्या बसमध्ये ती एकच वाक्य घोकत राहिली, मी आपणहून आले. मधेच तिला वडील गेले तो दिवस आठवायचा. केस कापले त्याच वर्षी वडील नारायणस्वामी वारले. मंडळाने प्राणेशला बापाच्या प्रेताला हात लावू दिला नाही. तेव्हा तो खाली गल्लीत उभा राहिला आणि वडिलांचं नाव घेऊन गायला लागला. अप्पाजींनी नुसत्या कपाळाला आठ्या घातल्या. खिडकी लावली ती रंजनीने, कुणी न सांगता. त्या आठवणीने तिला अजूनही स्वतःची किळस येई.

किनाऱ्यावर नावा ओढून ठेवतात तिथून जवळच प्राणेश दोन खोल्यांत राहत होता. केस पांढरे झाले होते. तिला पाहताच त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं, "अक्का!" म्हणाला आणि कॉफीला आधण ठेवलं. रंजनीला रडूच आलं. वाटलं, झालं, आला भाऊ परत. मग तिने पत्रिका पुढे केली.

त्याने ती दोनदा वाचली. "मेलं कोण?"

"कुणी नाही रे. तुझा सत्कार आहे."

"मग नाव कुणाचं घेऊ? या गाण्यात मेलेल्याचं नाव घ्यावं लागतं, त्याच्या आईबापाचं, त्याच्या गल्लीचं. नाव नसलं तर ते गाणंच नव्हे."

"अप्पाजी म्हणाले, कुठलंही घाल म्हणून."

"थू!" प्राणेश दाराबाहेर जाऊन थुंकला. "शिव्या देत होते तेव्हा हे काय गाणं आहे एवढं तरी त्यांना ठाऊक होतं."

परत येऊन त्याने कॉफीचा पेला तिच्यापुढे ठेवला.

"खरं सांग, अक्का. त्यांनी ही पत्रिका दिली नसती तर आली असतीस?"

बसमध्ये घोकलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. पण कोवलमची बस अठ्ठावीस वर्षं तिच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबत होती, आणि ते त्यालाही माहीत होतं. तिला खोटं बोलवेना.

"नाही," ती म्हणाली.

"बरं."

तो चिडला असता, ओरडला असता, तर परवडलं असतं. त्याने पत्रिका नीट घडी करून तिच्या पर्सवर ठेवली आणि जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. कॉफी संपली. रंजनी उठली. दाराशी सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "येते हं."

"येते म्हणू नको, अक्का," प्राणेश मान वर न करता म्हणाला. "मरणाच्या घरातनं उठताना तसं म्हणत नाहीत."