तिसरा भाग

मित्रांनो, मी एका जुन्या कादंबरीचा तिसरा भाग आहे. जन्मलो तेव्हा मी भाग नव्हतो, अख्खं पुस्तक होतो. १९६२ साली छापलो गेलो, तेव्हा माझी पाचशे शहात्तर पानं एकाच बांधणीत होती. पिंपरीच्या एका कामगार वसाहतीतल्या वाचनालयाने मला घेतलं, शिक्का मारला आणि ४१७ हा क्रमांक दिला.

माझ्यात एका विणकर घराण्याच्या तीन पिढ्या आहेत. दुष्काळात हे कुटुंब गाव सोडून गिरणीच्या शहरात जातं. जाताना आई थोरल्या मुलाला, धर्माजीला, घर आणि माग राखायला चुलत्यापाशी ठेवते. ‘पुढच्या वर्षी न्यायला येते’ म्हणते, आणि वर्षांमागून वर्षं जातात.

वसाहतीतले बहुतेक लोक असेच कुठून कुठून आलेले. माझ्यासाठी नंबर लागू लागले, तेव्हा वाचनालयाचे कारकून सयाजी यांनी एक तोड काढली. बाइंडरकडून माझी शिवण उसवली आणि सारख्या पानांचे तीन भाग बांधून घेतले. आता एका वेळी तीन घरांत वाचन होऊ शकत होतं. चूक एवढीच झाली, की तिन्ही भागांवर क्रमांक ४१७ च राहिला. नोंदवहीत भागाचा रकाना कुणी आखलाच नाही. शिवाय पानं मोजून कापल्यामुळे माझं पहिलं पान अर्ध्या वाक्यापासून सुरू होतं.

केसरबाई मराठवाड्यातून आलेल्या. नवरा कारखान्यात. दुपारी घरकाम आटोपलं की त्या सासूला, कुशाबाईंना, कादंबरी वाचून दाखवत; त्यांना त्या आत्याबाई म्हणत. १९७१ साली त्या दुसरा भाग न्यायला आल्या आणि शेजारी मला पाहून म्हणाल्या, “सयाजीभाऊ, तिसरा बी आत्ताच द्या की.”

“एका कार्डावर एकच, वहिनी. नियम चिटणीस साहेबांचा आहे.”

“आमच्या आत्याबाईंचा थोरला असाच गावाकडं ऱ्हायला. तीस वर्सं झाली, चिठ्ठीला जवाब न्हाई. रोज इचारतात, धर्माजी आईला भेटतो का गं? मी म्हणते, पुस्तकात असंल ते सांगीन.”

“भेटत असेल. एवढं जाड पुस्तक उगाच कोण लिहितं?” सयाजी म्हणाले आणि त्यांनी मला त्यांच्यासाठी टेबलावर वेगळं काढून ठेवलं.

त्याच आठवड्यात सयाजी चहाला गेले असताना वाचनालयाचे चिटणीस अण्णासाहेब आले. कंपनीत ते मोठे अधिकारी होते. पुठ्ठा नवा दिसला म्हणून त्यांनी मला उचललं. चिटणिसाने नोंद करायची असते, असं त्यांना वाटलं नसावं. घरी जाऊन त्यांनी मला उघडलं. ते अर्धं वाक्य वाचून म्हणाले, “ह्याला सुरुवातच नाही.” आणि मिटलं. त्यांच्या रेडिओच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मी त्याखाली गेलो.

पुस्तक बुडवणाऱ्याचं नाव वसाहतीच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहायचं, ही अण्णासाहेबांचीच पद्धत. तिचा त्यांना अभिमान होता. वर्षअखेरच्या तपासणीत ४१७ चा एक भाग कमी भरला. ४१७ शेवटचा नोंदला होता तो केसरबाईंच्या कार्डावर. कार्ड रद्द झालं, नाव फळ्यावर लागलं.

त्या थेट अण्णासाहेबांच्या घरी आल्या. दारातूनच म्हणाल्या, “साहेब, मी दुसरा भाग नेला आन् तोच परत दिला. तिसरा हातात बी घेतला न्हाई.”

“तुमच्या कार्डावर ४१७. हरवलेल्या भागावर ४१७. गणित साधं आहे, बाई.”

“नाव ऱ्हाऊ द्या फळ्यावर. तिसरा भाग तेवढा शोधा. आत्याबाई हातरुणाला खिळल्यात. धर्माजीचं काय झालं, हेच इचारतात.”

अण्णासाहेबांच्या पत्नी रुक्मिणीबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांची नजर टेबलाच्या पायाशी गेली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्यानेही खाली पाहिलं. मी त्या दोघांना स्पष्ट दिसत होतो. दारातून मात्र दिसत नव्हतो. मला वाटलं, आता हात खाली येईल.

हात आला. रुक्मिणीबाईंनी टेबलावरचं कापड पुढे ओढून खाली सोडलं.

“बघू,” अण्णासाहेब म्हणाले.

मला परत दिलं असतं, तर त्यांच्याच नियमाने फळ्यावर त्यांचं नाव आलं असतं. म्हणून मी दहा वर्षं तिथेच राहिलो. निगडीला बंगला झाला, तेव्हा टेबलासोबत मीही गेलो. वरचा रेडिओ जाऊन टीव्ही आला. १९८१ मध्ये टेबल मोडीत निघालं. रुक्मिणीबाईंनी मला पुसलं आणि जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात घालून वाचनालयाला पाठवलं. त्या ग्रंथदानाबद्दल समितीने अण्णासाहेबांना शाल दिली.

गठ्ठा सयाजींनीच सोडला. त्यांनी माझ्यावरचा क्रमांक पाहिला, गठ्ठ्यावरचं नाव पाहिलं. समितीपुढे बोलण्याचं धाडस त्यांना झालं नाही. मला पिशवीत घालून ते केसरबाईंच्या घरी गेले आणि मी कुणाच्या गठ्ठ्यात सापडलो ते त्यांना सांगितलं.

“आत्याबाई त्याच हिवाळ्यात गेल्या,” केसरबाई म्हणाल्या. “मी त्यांना सांगितलं, धर्माजी आला, आईच्या पाया पडला. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.”

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. तीन दिवस त्यांनी मला स्टोव्हजवळ उभ्याउभ्या वाचलं. माझ्या पाचशे एकाहत्तराव्या पानावर धर्माजी आईचं पत्र न फोडता परत पाठवतो. तिथे त्यांनी स्टोव्ह बंद केला. पुढची पाच पानं त्यांनी बसून वाचली.

सयाजी न्यायला आले आणि कादंबरी कशी वाटली म्हणून विचारू लागले.

“न्हाई येत तो,” केसरबाई म्हणाल्या. “म्हंजे साहेबांचे उपकारच झाले म्हणायचे.”

सयाजींनी मान खाली घातली आणि मला पिशवीत ठेवलं. फळा केव्हाच पुसला गेला आहे. नोंदवहीत ४१७ समोर केसरबाईंचं नाव अजून तसंच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं पुस्तक पडून असेल, तर आजच नेऊन द्या. उशीर झाल्याची लाज वाटेल. तरी द्या. मी दहा वर्षांनी परत गेलो, तेव्हा माझी सगळी पानं शाबूत होती. ऐकणारं माणूस राहिलं नव्हतं.